लिलावाआधी पाटी वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी होती. शहरातल्या एका सार्वजनिक संस्थेच्या गोदामातलं निकामी सामान लिलावात निघणार आहे. यादीत मोडक्या खुर्च्या, लोखंडी कपाटं, पाण्याचे पंप, टायर आणि सगळ्यात शेवटी 'बोटीची जुनी इंजिने'. त्यापुढे अंदाजे वजन. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, किती हॉर्सपॉवर, कोणत्या सालचं, यातलं काही नाही. नुसते किलो. संस्थेचं नाव घेऊन मला कुणाला खाली बघायला लावायचं नाही. स्टोअरकीपरला छापील तक्त्यात जेवढे रकाने दिलेत तेवढेच तो बिचारा भरतो, आणि त्या तक्त्यात 'वजन' असतं, 'मॉडेल नंबर' नसतो. माझं भांडण त्या तक्त्याशी आहे.

सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये फिटर म्हणून माझी नोकरी झाली. आता पंचवटीत घराखालच्या गाळ्यात टू-स्ट्रोक इंजिनं उघडतो. लुना, राजदूत, यझदी आणि हंगामात दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांचे पेट्रोलवरचे फवारणी पंप. बोटीचं इंजिन या धंद्यात आडवाटेनं आलं. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जाळी टाकणारे एक मामा कुणीतरी फार्महाऊसवाल्यानं टाकून दिलेली मोटर पोत्यात घालून घेऊन आले, म्हणाले, "लुना दुरुस्त होते तर ही का नाही होणार?" बरोबर होतं त्यांचं. बोटीच्या मागच्या फळीला चिमट्यानं अडकवायची ही आउटबोर्ड मोटर म्हणजे वर लुना आणि खाली पाण्याचा पंप, गिअरबॉक्स आणि पंखा. तेव्हापासून अशी इंजिनं माझ्याकडे येत राहिली.

अंबड लिंक रोडला एका भंगारवाल्याच्या तराजूवर असंच एक इंजिन चढताना पाहिलं, तेव्हा विचारलं, "अरे, याची पाटी तरी वाचलीस का?" तो म्हणाला, "काका, जर्मनचा भाव वेगळा, बिडाचा वेगळा, पितळेचा वेगळा. पाटीला भाव नाही." त्याच्या दृष्टीनं तोही बरोबरच. मी ते वजनाच्या भावानंच उचललं. घरी आणून चिमट्याच्या बाजूची छोटी अॅल्युमिनियमची पाटी रॉकेलच्या फडक्यानं पुसली तर अक्षरं निघाली: जॉन्सन, क्यूडी-१९. म्हणजे अमेरिकन जॉन्सन कंपनीचं १० हॉर्सपॉवरचं, १९५८ सालचं मॉडेल. दोन सिलिंडर, पुढे-मागे-न्यूट्रल असा गिअर, पेट्रोलची टाकी वेगळी. ही क्यूडी मालिका १९४९ साली क्यूडी-१० पासून सुरू झाली आणि पुढं दरवर्षी आकडा एकेकानं चढत गेला. त्यामुळं पाटीवरचा आकडा वाचता आला की साल बोटावर मोजून काढता येतं. एवढी माहिती त्या तराजूवर चढली होती, आणि कुणाला पत्ता नव्हता.

ही पाटी वाचायची कशी ते सविस्तर लिहितो, कारण सगळं घोडं तिथंच अडतं. पहिली गोष्ट, पाटीला पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावू नका. अक्षरं ठोकलेली असली तरी उथळ असतात. पन्नास-साठ वर्षांच्या गंजानं जे शिल्लक ठेवलं ते आपला ब्रश एका मिनिटात घालवतो. रॉकेल लावून फडकं तासभर पाटीवर चिकटवून ठेवावं, मळ फुगला की मऊ टूथब्रशनं काढावा. मग पाटीवर पातळ कागद धरून आडव्या शिसपेन्सिलीनं घासावं, लहानपणी नाण्यावर घासायचो तसं. डोळ्यांना न दिसणारा आकडा कागदावर उमटतो. अंधारात बॅटरी अगदी आडवी धरली तरी जमतं. रंगावरून कंपनी ओळखायच्या भानगडीत पडू नये. आपल्याकडे जे गंजतं त्याला हिरवा नाहीतर राखाडी ऑइलपेंट फासायची रीत आहे, मग आत एव्हिनरूड असो, जॉन्सन असो की आणखी काही. झाकणावरूनही ठरवू नये, कारण एकाचं झाकण दुसऱ्यावर बसवलेलं सर्रास सापडतं.

जॉन्सन आणि एव्हिनरूड ही नावं वेगळी असली तरी १९३० च्या दशकात दोन्ही एका छत्राखाली आली, आणि त्यानंतरच्या बऱ्याच मॉडेलांचं आतलं सामान सारखंच आहे. एकाचा भाग मिळत नसेल तर दुसऱ्याच्या नावानं शोधावा. नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकीला स्थायिक झालेले ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली अशी मोटर विकायला सुरुवात केली. पुढे या दोन्ही ब्रँडची मालक असलेली ओएमसी कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली. नव्या मालकानं एव्हिनरूडचं नाव काही वर्षं चालवलं आणि २०२० मध्ये उत्पादनच बंद केलं. म्हणजे आता सुट्या भागासाठी हक्कानं दार ठोठवावं अशी मूळ कंपनी उरली नाही. पाटीवरचा नंबर हाच काय तो आधार.

१९८० नंतरच्या जॉन्सन-एव्हिनरूडवर सालाची एक गंमत आहे. त्यांनी दहा अक्षरांचा एक इंग्रजी शब्द घेतला, 'इंट्रोड्युसेस', आणि त्यातल्या अक्षरांना क्रमानं १ ते ९ आणि शेवटच्याला ० असे आकडे दिले. आय म्हणजे १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९ आणि एस शून्य. मॉडेल नंबरातलं शेवटचं अक्षर सोडून त्याआधीची दोन अक्षरं बघायची. तिथं सी-यू असेल तर ८७, म्हणजे १९८७ साल. पाटीच गळून गेली असेल तर या नंतरच्या इंजिनांच्या ब्लॉकवर एक गोल धातूची टोपी ठोकून बसवलेली असते, तिच्यावरही बहुधा नंबर असतो. झाकण काढल्याशिवाय दिसत नाही, म्हणून लिलावाच्या फोटोत कधीच येत नाही.

दुसरं नाव आपल्याकडे सापडू शकतं ते ब्रिटिश सीगल. १९३१ पासून १९९६ पर्यंत इंग्लंडमध्ये ही मोटर बनत होती, आणि देखणेपणाचा तिला अजिबात सोस नव्हता. बहुतेकांवर झाकण नाही, फ्लायव्हील म्हणजे वरचं जड चाक उघडं, त्यावर दोरी गुंडाळायची आणि ओढायची. वर पेट्रोलची गोल टाकी, खाली लांब नळ्या. जुन्या साध्या मॉडेलांना क्लच नाही, त्यामुळं इंजिन सुरू झालं की बोट चालू लागते, माणूस बसला असो वा नसो! सीगलचा नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो आणि त्याच्या सुरुवातीची इंग्रजी अक्षरं मॉडेल सांगतात. ही मोटर भंगारवाल्याला फार आवडते, कारण पितळ आणि काशाचं सामान भरपूर. सगळ्यात आधी तीच वितळते.

आणि यामाहा-सुझुकीची केरोसीनवर चालणारी मोटर समोर आली तर तिला वेगळ्या रांगेत ठेवा. कोकण-केरळच्या किनाऱ्यावर मच्छीमार ती वापरतात. पेट्रोलवर सुरू करायची, गरम झाली की केरोसीनवर टाकायची, बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणायची. तिचं पाहून पेट्रोलच्या मोटरीत केरोसीन ओतणारे महाभाग मी बघितले आहेत. तसं करू नये, एवढंच सांगतो.

आता इंधन. इथं मात्र मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण चांगली ओळखलेली, चांगली दुरुस्त केलेली मोटर माणसं पहिल्याच टाकीत मारतात.

टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं हे लुनावाल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. प्रश्न किती, हा आहे. १९५० च्या दशकातल्या जॉन्सन-एव्हिनरूडला २४ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल. म्हणजे पाच लिटरला साधारण २१० मिली. १९६४ च्या सुमारास बऱ्याच मॉडेलांना ५० ला १ चालू झालं, म्हणजे पाच लिटरला १०० मिली. जुन्या सीगलला तर १० ला १, पाच लिटरला चक्क अर्धा लिटर, कारण तिच्यात क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा दांडा, साध्या काशाच्या बुशात फिरतो, त्याला तेवढं तेल लागतंच. वेगळ्या कार्बोरेटरची नंतरची सीगल २५ ला १ वर चालते. म्हणून पाटी आधी वाचायची. १९५८ च्या इंजिनात कुणी ५० ला १ चं मिश्रण घातलं तर ते सुरू होईल, धूर कमी दिसेल, मालक खूश होईल आणि बेअरिंग जाईल.

ऑइलही स्कूटरचं टू-टी नको. ते हवेनं थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. बोटीचं इंजिन पाण्यानं थंड होतं, त्याला राख न ठेवणारं वेगळं ऑइल येतं; डब्यावर टीसी-डब्ल्यू-३ असं लिहिलेलं असतं. नाशिकमध्ये सहज मिळत नाही, मुंबईहून मागवावं लागतं. थोडं महाग पडतं. पण फवारणी पंपातलं उरलेलं ऑइल ढकलून देणाऱ्यांनी नंतर माझ्याकडे येऊन प्लग का काळे पडतात म्हणून विचारू नये.

आणि पेट्रोल. आज पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. माझे निम्मे नातेवाईक निफाडचे ऊसवाले, त्यामुळं इथेनॉलला नावं ठेवून मला घरी जेवायला मिळणार नाही! नव्या गाडीत घाला, जरूर घाला. पण १९५८ च्या मोटरीच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा बुचाचा तरंगता तुकडा, म्हणजे फ्लोट असतो, त्यावर चपड्याचा लेप असतो. चपडा कशात विरघळतो ते कुठल्याही फर्निचर पॉलिशवाल्याला विचारा. तो रोज स्पिरिटमध्येच विरघळवतो. इथेनॉल हे स्पिरिटच आहे. लेप निघाला की बूच पेट्रोल पितं, फ्लोट जड होऊन बुडतो, कार्बोरेटर वाहू लागतो, आणि लेपाचा चिकट गाळ जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसतो. मग मालक सांगतो, "सुरू होते आणि लगेच गुदमरते." त्या क्यूडी-१९ चा फ्लोट मी काढला तेव्हा तो तपकिरी, खडबडीत, एका बाजूनं टवके उडालेला होता; बोटानं दाबला तर ओल वर आली. उन्हात चांगले काही दिवस वाळवला, बारीक पॉलिश पेपरनं लेप पूर्ण काढला आणि फेविक्विकचे पातळ हात दिले, प्रत्येक हात वाळू देऊन. सुपरग्लूला इथेनॉल सहजासहजी काही करत नाही. त्यानंतर तो फ्लोट तरंगतो आहे.

इथेनॉलची दुसरी खोड म्हणजे ते पाणी ओढतं. टाकी अर्धी भरून पावसाळाभर पडवीत ठेवली की हवेतली ओल आत जाते, आणि एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतं. इंजिनाला पहिला घोट तळाचाच मिळतो. आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे की नाही ते पाहायची सोपी तपासणी सांगतो. उभ्या काचेच्या मापनळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, वर पेट्रोल, हलवून स्थिर ठेवायचं. खालचा पाण्याचा थर खुणेच्या वर चढलेला दिसला तर इथेनॉल आहे, ते पाण्यात उतरलं. मोकळ्या हवेत, विडी-काडीपासून लांब करायचं. मात्र अशा रीतीनं 'धुतलेलं' पेट्रोल इंजिनात वापरायचे उद्योग काही जण करतात, त्या नादी लागू नका. आपल्यासाठी उपाय साधा आहे. लागेल तेवढंच मिश्रण ताजं बनवायचं, काम झालं की टाकीची नळी काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्यायचं, टाकी रिकामी करून ठेवायची. रबरी नळ्या, वॉशर जुने असतील ते सगळे बदलायचे.

नळ्यांवरून आठवलं. १९५० च्या दशकातल्या या जॉन्सन-एव्हिनरूडला पेट्रोलचा पंप नसतो. टाकीपर्यंत दोन नळ्या जोडून जातात. एकीतून इंजिन टाकीत हवेचा दाब भरतं, दुसरीतून त्या दाबानं पेट्रोल वर येतं. म्हणजे टाकी दाबाखाली. तिची पॅकिंग फुटकी असेल किंवा नळी चिरली असेल तर पेट्रोल गळत नाही, उडतं. अशा इंजिनाला फवारणीची प्लास्टिक नळी जोडलेली मी पाहिली आहे. ती पेट्रोलनं आधी फुगते, मग कडक होते, मग तडकते. दाबाच्या टाकीची पॅकिंग आणि दोन्ही नळ्या नव्या मिळत नसतील तर ते इंजिन सुरू करू नका, शोकेसमध्ये ठेवा. छान दिसतं.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात, कारण ज्याला टू-स्ट्रोक येतं त्याला निम्मं येतंच. आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडावं, रात्रभर मुरू द्यावं, मग फ्लायव्हील हातानं फिरवावं. फिरवावं ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनंच. उलटं फिरवलं तर खालच्या पाण्याच्या पंपातल्या रबरी इंपेलरच्या पाकळ्या, ज्या वर्षानुवर्षं एका बाजूला वाकून बसल्यात, त्या मोडतात. स्पार्क येत नसेल तर बहुतेक वेळा फ्लायव्हीलखाली पॉइंटवर, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या दोन टोकांवर, काळा थर बसलेला असतो, नाहीतर कॉईलचं आवरण तडकलेलं असतं. त्या काळच्या कॉईलची ही ठरलेली खोड आहे. वरून तडा दिसला की दुरुस्त करत बसू नये, नवी घालावी. पॉइंटची फट ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. फिलर गेजनं मोजावी, अंदाजानं नाही. फ्लायव्हील काढायला त्यावर तीन आटे पाडलेली भोकं दिलेली असतात, त्यात पुलर बसतो. हातोडा मारणाऱ्याचा आणि माझा संबंध तिथंच संपतो.

खालच्या बाजूला तीन गोष्टी. गिअरबॉक्सचं तेल दुधासारखं पांढरं निघालं तर सील गेलं आणि पाणी शिरलं. नवं तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत, नाहीतर आत हवा अडकते. इंपेलर दिसायला कितीही बरा दिसो, पाकळ्या कडक झाल्या असतील तर बदलायचा. आणि पंख्यातली शिअर पिन. दगडाला पंखा आपटला की ही बारीक पिन तुटावी आणि गिअर वाचावा म्हणून ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते. आपल्याकडे ती तुटली की खिळा नाहीतर बोल्टाचा तुकडा ठोकतात. पुढच्या वेळी दगड लागला की खिळा शाबूत आणि गिअरचे दात तुटलेले.

पाण्याबाहेर इंजिन सुरू करू नका, दोन सेकंदसुद्धा. दोनशे लिटरचा ड्रम पाण्यानं भरून, मोटरीचा पाय त्यात पाण्याच्या जाळीच्या वरपर्यंत बुडवून, मोकळ्या अंगणात चालवायचं. मागच्या भोकातून पाण्याचे शिंतोडे आले पाहिजेत. नाही आले तर ताबडतोब बंद.

मग ही जुनी इंजिनं वापरायची कुठं? याबाबतीत माझ्या मित्रांचं आणि माझं जमत नाही. त्यांना वाटतं, दुरुस्त झाली की गंगापूरला बोटीवर लावावीत. माझं मत सरळ विरुद्ध आहे. गंगापूर धरणाचं पाणी नाशिककर पितात. कार्बोरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये मिश्रणाचा पाव हिस्सासुद्धा न जळता धुरावाटे थेट पाण्यात जाऊ शकतो, आणि १० ला १ वाल्या सीगलच्या मागं तर पाण्यावर तेलाचे रंगीत पट्टेच उठतात. हौस म्हणून एखादं इंजिन ड्रममध्ये चालवा, प्रदर्शनात मांडा. पिण्याच्या पाण्यावर नको.

पूरकार्यात तर मुळीच नको. पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी चढलं आणि पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं की आख्खं नाशिक होळकर पुलावर बघायला गोळा होतं. २००८, २०१६, २०१९ ही सालं सराफ बाजारातल्या दुकानदारांना मी सांगायला नको. तसल्या प्रवाहात माणूस काढायला गेलेल्या बोटीचं इंजिन पहिल्या ओढीला सुरू झालं पाहिजे, आणि दहाव्यांदाही. त्याचे सुटे भाग दुसऱ्या दिवशी मिळाले पाहिजेत. सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंड परिसरात बचावाच्या बोटी लागतील, त्यांना नवी, फोर-स्ट्रोक, कंपनीची सर्व्हिस असलेली इंजिनंच घ्या. तिथं काटकसर करू नका. पण नवी आली की जुनी निघणार, आणि तेव्हा परत तो वजनाचा रकाना भरला जाणार, म्हणून आत्ता लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच की लिलावाच्या नोटिशीत प्रत्येक इंजिनापुढं कंपनी, मॉडेल नंबर आणि पाटीचा एक फोटो द्यावा. याला पैसे लागत नाहीत. रॉकेल, फडकं आणि मोबाइल लागतो. त्यातलं एखादं-दुसरं लिलावातून वगळून सातपूरच्या शासकीय आयटीआयला द्यावं. हल्लीच्या मुलांना इंजेक्शन आणि सेन्सर शिकवतात, ते शिकवलंच पाहिजे. पण ठिणगीची वीज तयार करणारा मॅग्नेटो, पॉइंट, कार्बोरेटर, गिअर, वॉटर पंप हे सगळं एका टेबलावर, दोन हातांत उचलता येईल अशा एका वस्तूत उघडं करून बघायला मिळणं, याच्यासारखं शिकवणीचं साधन मला तरी माहीत नाही. क्यूडी-१९ चं झाकण काढलं की मुलगा प्लगपासून पंख्यापर्यंत शक्ती कशी जाते ते बोटानं दाखवू शकतो. माझ्याकडे येणाऱ्या शेजारच्या पोरानं, जो बारावीत फिजिक्सला वैतागलेला आहे, ते दाखवलं. त्यानंच मला विचारलं, "आजोबा, मग पॉइंट उघडताना ठिणगी पडते की मिटताना?" पुस्तकात हा प्रश्न त्याला पडला नव्हता. (उघडताना.)

आयटीआयनं घेतलीच तर एक सूचना. ड्रममधलं वापरलेलं पाणी गटारात ओतू नका. आमच्या पंचवटीत गटार वाघाडीला मिळतं आणि वाघाडी गंगेला. वर तरंगणारं तेल लाकडाच्या भुशानं टिपून घ्यावं. वखारीत भुसा पोत्यानं मिळतो.

आणि लिलाव जाहीर झालाय तो रद्द करा असं मी म्हणत नाही. फक्त सामान पाहण्याची वेळ दुपारची ठेवू नका. दुपारी ऊन डोक्यावरून पडतं आणि पाटीवरची अक्षरं सपाट दिसतात. सकाळी आठ-नऊला गोदामाचं दार उघडलंत तर तिरपा उजेड मिळेल, आणि ज्यांना वाचता येतं ते आपापली पेन्सिल घेऊन येतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टूलरूम फिटर
मखमलाबाद नाका, पंचवटी, नाशिक